तार, बॅटरी आणि भुईगावची फेरी

भुईगाव आणि वसई रोड स्टेशन यांच्यात दहा किलोमीटरचेही अंतर नाही. या टोकाला समुद्र, सुरूची झाडे, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, मधूनमधून एखादे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. त्या टोकाला जगातल्या सर्वांत गर्दीच्या उपनगरी रेल्वेपैकी एक. ती रेल्वे विरारपर्यंत विजेवर आली १९३६ साली. म्हणजे वसई तालुक्याला विजेची वाहतूक ही नवलाई नाही. नव्वद वर्षे हा तालुका तिच्या जिवावर मुंबईशी जोडलेला आहे. तरीही स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की गावापर्यंतची वाट अजून बहुतांशी डिझेल, सीएनजी आणि पेट्रोलवरच चालते. वसई-विरार महापालिकेच्या ताफ्यात आता विजेवरच्या बस येऊ लागल्या आहेत, राज्य परिवहनाच्या आल्या आहेत, केंद्राच्या योजनांची रांग लागली आहे. तेव्हा बस विजेवर न्यायची की नाही, हा प्रश्न संपला. उरलेला प्रश्न अवघड आहे: कोणत्या पद्धतीने? आणि माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर आपण चुकीच्या मापाने मोजतो आहोत. आपण बस मोजतो. मोजायला हव्यात त्या फेऱ्या.

हे मोजमाप सरकारी कागदांतून आलेले आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात एसटीच्या ताफ्यापैकी १५ टक्के बस विजेवरच्या करण्याचे उद्दिष्ट होते. २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेचा गाजावाजा झाला तो १०,००० बस या आकड्याने. त्याच वर्षी एसटीने ५,१५० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला आणि पुढे सगळी चर्चा किती बस आल्या आणि किती रखडल्या याचीच झाली. ताफ्याचा आकडा महत्त्वाचा नाही असे नाही. पण भुईगावच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ताफा दिसत नाही. त्याला पुढची बस किती मिनिटांनी आहे एवढेच हवे असते. चाळीस मिनिटे वाट पाहायला लावणारी चकचकीत वातानुकूलित ई-बस त्याच्या उपयोगाची नाही. तो शेअर रिक्षात चौथा होऊन बसेल किंवा हप्त्यावर स्कूटर घेईल. आणि एकदा स्कूटर दारात आली की तो प्रवासी बसला सहसा परत मिळत नाही.

फेऱ्यांचे माप लावले की तंत्रज्ञानाचा प्रश्नही सोपा होऊ लागतो. वीज गाडीपर्यंत पोहोचवण्याचे मुळात दोनच मार्ग आहेत: तारेतून चालत्या गाडीला द्यायची, किंवा बॅटरीत भरून गाडीसोबत न्यायची. बाकीचे सगळे या दोहोंच्या मधले. तारेचा खर्च रस्त्याच्या लांबीवर ठरतो. तिच्याखालून दिवसाला दहा गाड्या गेल्या काय आणि हजार गेल्या काय, खांब तेवढेच, तांबे तेवढेच, देखभाल जवळपास तेवढीच. बॅटरीचा खर्च गाड्यांच्या संख्येवर ठरतो. म्हणून जिथे फेऱ्या दाट तिथे तार स्वस्त, जिथे विरळ तिथे बॅटरी. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून मुंबईच्या रेल्वेने तार सोडली नाही, उलट तिची ताकद वाढवली; पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये चर्चगेट-विरार मार्ग १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेण्याचे काम पुरे केले. दर दोन-तीन मिनिटांना हजारो माणसे घेऊन गाडी जाते, तेव्हा त्या तारेचा पैसा प्रवाशामागे चिल्लर होतो.

रस्त्यावरच्या तारेचा मुंबईचा अनुभव मात्र दुःखद आहे. विजेवरची ट्राम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. तिच्या उतारवयातच, १९६२ मध्ये, बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आणल्या. त्या १९७१ मध्ये बंद झाल्या. डिझेल तेव्हा स्वस्त होते, बसला वाट्टेल तिकडे वळवता येई, आणि धुराचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. प्रागनेही १९७२ मध्ये ट्रॉलीबस मोडीत काढल्या होत्या. आता ते शहर त्या परत आणते आहे, पण वेगळ्या रूपात: मार्गाच्या काही भागावरच तार, विशेषतः चढावर, तिथे गाडी चालता चालता बॅटरी भरून घेते आणि उरलेला रस्ता तारेविना जाते. मोठ्या रस्त्यांवर, जिथे अनेक मार्गांच्या बस एकाच पट्ट्यातून जातात, तिथे हा उपाय आपल्याकडेही विचारात घ्यावा असा आहे. भुईगावच्या रस्त्यावर नाही. तिथे दोन बस समोरासमोर आल्या तर एकीने वाडीच्या कुंपणाला टेकून उभे राहावे अशी रुंदी आहे, वर चिंचा आणि माड आहेत, आणि तासाला चार-पाच फेऱ्यांसाठी आठ किलोमीटर तार टांगून ठेवणे म्हणजे लग्नाच्या मांडवात वर्षभर राहणे. तारेने शिकवलेली एक गोष्ट मात्र इथेही घ्यायला हवी: गाडीने आपले ओझे जितके कमी वाहावे तितके बरे.

कारण बॅटरी हे ओझेच आहे. आपल्याकडे ई-बस विकत किंवा भाड्याने घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो, एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाईल. दोनशे म्हटले की समाधान, अडीचशे म्हटले की टाळ्या. आता साधा हिशेब मांडू. नऊ मीटरची बस, एका किलोमीटरला एक युनिट वीज; हे थोडे सढळ धरले आहे. स्टेशन ते गाव आठ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सोळा. एका बाजूला अर्धा तास आणि मध्ये दहा मिनिटे विश्रांती धरली तर एक चक्कर सत्तर मिनिटांची, चौदा तासांत बारा चकरा. दिवसाचे १९२ किलोमीटर, तितकीच युनिटे. ही सगळी वीज पहाटेच भरून न्यायची आणि बॅटरी तळाला जाऊ द्यायची नाही, असे ठरवले तर २४० युनिटांची बॅटरी लागेल. उलट, प्रत्येक चक्करेनंतर त्या दहा मिनिटांत १२० किलोवॉटच्या चार्जरला लावली, तर आदर्श स्थितीत वीस आणि व्यवहारात सोळा-सतरा युनिटे परत मिळतात. म्हणजे चक्करेत जेवढी गेली तेवढी. मग १०० युनिटांची बॅटरी पुरून उरते. चार्जर बंद पडला तरी चार-पाच चकरा निघतात. या दोन बॅटऱ्यांतला फरक १४० युनिटांचा. आज बसमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचे वजन युनिटामागे साधारण सात किलो धरा, म्हणजे जवळजवळ एक टन. पंधरा प्रवाशांचे वजन, जे तिकीट काढत नाही, उतरत नाही, आणि दिवसभर टायर झिजवते. बसच्या किमतीतला सर्वांत मोठा एकटा हिस्सा बॅटरीचा असतो, तेव्हा हा एक टन फुकटही येत नाही.

आणि इथेच फेऱ्यांशी गाठ बसते. सत्तर मिनिटांच्या चक्करेवर पाच बस ठेवल्या तर दर चौदा मिनिटांना एक सुटते. प्रत्येकीने दहा मिनिटे चार्जर अडवला तर एकच चार्जर पाचही बसना पुरतो. बॅटरीवर वाचवलेल्या पैशातून सहावी बस आली तर दर बारा मिनिटांना बस मिळेल आणि चार्जरला तरीही दोन मिनिटांची उसंत राहील. मोठ्या बॅटरीची कमी बस घ्यायची की लहान बॅटरीची जास्त बस, हा निर्णय निविदेच्या एका ओळीत होतो, आणि त्या ओळीवर गावाची अर्धी हालचाल अवलंबून असते.

मोठ्या बॅटरीच्या बाजूने शेंझेनचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०१७ अखेर त्या चिनी शहराने सोळा हजारांहून जास्त बस विजेवर नेल्या, आणि त्या प्रामुख्याने रात्री आगारात भरल्या जाणाऱ्या बस होत्या. मोठे काम, त्याबद्दल आदर हवाच. पण त्यामागे शहराची आणि देशाची भरघोस अनुदाने होती, त्याच गावात बस बनवणारा कारखाना होता, आणि मार्ग मोठ्या शहराचे होते. भुईगाव, निर्मळ, गास, वाघोली, कळंब, अर्नाळा या गावांचे मार्ग आखूड आहेत आणि सगळे कुठल्या ना कुठल्या स्टेशनाला येऊन मिळतात. हा आपला फायदा आहे. चार-पाच मार्ग एकाच ठिकाणी संपत असतील तर तिथे वीज देणे सोपे जाते. बॅटरी बदलून देण्याची पद्धत अहमदाबादने २०१९ मध्ये बसवर करून पाहिली. रिकामी काढायची, भरलेली बसवायची, काम काही मिनिटांत. दुचाकींना आणि रिक्षांना ती शोभते. बसच्या बाबतीत मात्र जादा बॅटऱ्यांचा साठा सांभाळावा लागतो आणि सगळ्या बस एकाच घडणीच्या असाव्या लागतात, म्हणजे एका पुरवठादाराशी कायमची लग्नगाठ. आखूड मार्गाला त्याची गरज नाही.

दिवसा, थोडी थोडी वीज भरण्याचे दुसरे कारण दुपार. अकरा ते चार या वेळात बस रिकाम्या धावतात आणि त्याच वेळात सूर्याची वीज मुबलक असते. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या नियमांत बदल करून सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावा असे ठरवले, ते याचसाठी. रात्रीच्या आगारातली वीज कोळशाची, दुपारच्या थांब्यावरची वीज अधिकाधिक सूर्याची होत जाणार. पालघर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला आहे, डहाणूला ५०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. वीज कुठून येते आणि तिची राख कोणाच्या चिकूवर पडते, हा वाद या जिल्ह्याने न्यायालयापर्यंत नेलेला आहे.

तेव्हा कोळशाचा आक्षेप टाळून चालणार नाही. बसमधून धूर निघत नाही, पण विजेच्या चिमणीतून निघतोच ना? निघतो. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शहरात बस लिटरला चारेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ०.७ किलो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटामागे आजही सुमारे ०.७ किलोच पडतो, आणि बसला किलोमीटरला एक युनिट आपण धरलेच आहे. कार्बनच्या हिशेबात आज जवळपास बरोबरी आहे, हे ई-बसच्या समर्थकांनी मोकळेपणाने मान्य करावे. शाळेसमोर, बाजारात, थांब्यावर माणसांच्या नाकातोंडात जाणारा धूर थांबतो हा नफा आजचा आणि खात्रीचा. ग्रिड जसजसे सुधारेल तसतसा दुसराही मिळेल. पण याच हिशेबाची आणखी एक पायरी चढून पाहा. स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर गेली तर किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम कार्बन सोडते. म्हणजे एक बस बरोबर चौदा स्कूटर. बसमध्ये तीस माणसे असतील, एरवी स्कूटर काढणारी, तर निम्म्याहून जास्त कार्बन वाचला. आठच असतील तर ती विजेची असूनही स्कूटरींपेक्षा वाईट. बस भरलेली असणे हे तिच्या इंधनापेक्षा मोठे आहे, आणि बस भरते ती फेऱ्यांच्या भरवशावर. लांबून विजेच्या बसविरुद्धचा वाटणारा हा आक्षेप खरे तर विरळ फेऱ्यांविरुद्धचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक स्थानिक आणि अधिक गंभीर: वसईत वीज टिकते का? जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि तालुक्याच्या मोठ्या भागात अंधार झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडे आणि खांब आडवे केले. अशा दिवशी विजेवरची बस काय कामाची? याचे प्रामाणिक उत्तर असे की बुडालेल्या रस्त्यावर डिझेलची बसही चालत नाही. पण पाणी ओसरल्यावर, वीज यायची असताना, डिझेलची चालते. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत नकोत. ताफ्याचा काही भाग आणखी काही वर्षे सीएनजीवर राहू द्यावा, चार्जरची जागा रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच चौथऱ्यावर असावी, आणि खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे काय होते हे इथल्या कोणत्याही कोळ्याला विचारून मगच यंत्राची पेटी निवडावी. एका आगारात रात्री पन्नास बस भरण्यासाठी एकाच ठिकाणी प्रचंड जोडणी घेतली, तर एक उपकेंद्र बुडाल्यावर सगळा ताफा झोपतो. चार ठिकाणी लहान जोडण्या असतील तर एखादे टोक तरी जागे राहते.

तिसरा आक्षेप जागेचा. स्टेशनाबाहेर उभे राहायला जागा नाही, चार्जर कुठे लावणार? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर याच तालुक्यात पडून आहे. वसई, नालासोपारा, अर्नाळा इथे एसटीची आगारे आहेत. एकेकाळी गावोगावच्या फेऱ्या तिथूनच सुटत. महापालिका २००९ मध्ये झाली, तिची परिवहन सेवा २०१२ मध्ये ठेकेदारामार्फत आली, आणि एसटीने शहरी फेऱ्यांतून अंग काढून घेतले तेव्हा त्या कोणी चालवायच्या हा वाद उच्च न्यायालयात गेला. दोन सार्वजनिक संस्थांच्या भांडणात विद्यार्थ्यांची आणि भाजीवाल्यांची बस हरवली. त्या आगारांच्या कोपऱ्यात महापालिकेच्या बसना चार्जिंग मिळावे, वीज मोजून पैसे घ्यावेत; एसटीच्या स्वतःच्या ई-बसनाही तोच चार्जर लागेल. स्टेशनाजवळ नाहीच जमले तर चार्जर गावाच्या टोकाला ठेवावा. भुईगावच्या टोकाला एक बस उभी राहील एवढी जागा निघू शकते.

विजेवरच्या रिक्षा आल्या की बस कशाला, असेही विचारले जाते. ऊर्जेच्या दृष्टीने ई-रिक्षा मुळीच वाईट नाही, आणि आतल्या गल्ल्यांतून बस-रस्त्यापर्यंत माणसे आणायला तीच योग्य. पण पहाटेच्या लोकलला दादरकडे निघालेली बाई फुलांच्या किंवा पालेभाजीच्या दोन टोपल्या घेऊन असते. तिला रिक्षात तीन माणसांचे भाडे पडते. बसमध्ये टोपली मागच्या दाराशी ठेवता येते. आणि तीस माणसांना एक बस लागते, तर दहा रिक्षा, ज्या सगळ्या स्टेशनाच्या त्याच एका चौकात वळतात.

आता खरी मेख. पद्धत कोणतीही निवडली तरी ती करारात उतरते, आणि आपले करार फेऱ्यांच्या विरोधात लिहिलेले असतात. आज बहुतेक ई-बस किलोमीटरमागे ठरलेल्या दराने भाड्याने येतात. केंद्राच्या कंपनीने २०२२ मध्ये पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्र निविदा काढली तेव्हा नऊ मीटरच्या बसला वीज धरून किलोमीटरला सुमारे ३९ रुपये असा दर आला, जो तोवरच्या मानाने खूपच कमी होता. एकत्र खरेदीचा हा लाभ लहान महापालिकांनी जरूर घ्यावा. पण करारात रोजच्या किलोमीटरची हमी असते. समजा ती २०० आहे आणि गर्दीच्या, आखूड मार्गावर बस १५० च भरते. उरलेल्या पन्नास किलोमीटरचे पैसे, पूर्ण वा कमी दराने, द्यावेच लागतात. मग परिवहन विभाग काय करतो? बसला लांबच्या मार्गावर पाठवतो, जिथे किलोमीटर पटापट भरतात. गावची फेरी रद्द होते, आणि कागदावर सगळे ठीक दिसते. करार किलोमीटरऐवजी वेळेवर सुटलेल्या फेरीवर लिहिला, तर ठेकेदाराचा आणि प्रवाशाचा स्वार्थ एका दिशेला येतो.

शिवाय बस, चार्जर, चालक सगळेच एका ठेकेदाराचे असले की त्याने पाय काढल्यावर शहराच्या हातात काही उरत नाही. २०२२ नंतर बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या काही ठेकेदारांनी काम सोडले आणि मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. तोवर बेस्टचा स्वतःचा ताफा, जो कधीकाळी चार हजारांवर होता, आटत चालला होता. चिलीच्या सँटियागो शहराने बसची मालकी आणि बस चालवण्याचे काम वेगळे केले. चालवणारा बदलला तरी बस आणि आगार शहरापाशीच राहतात. वसई-विरारसारख्या महापालिकेने निदान चार्जर, जोडणी आणि जागा स्वतःच्या नावावर ठेवावी. बस पंधरा वर्षांत भंगारात जाईल. जोडणी आणि जागा पुढच्या पिढीच्या बसनाही कामाला येतील.

आणि बस चालवणारे. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या ई-बसने माणसे चिरडली तेव्हा चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. क्लच-गिअरच्या बसवर आयुष्य घालवलेल्या माणसाला विजेची बस वेगळी वाटते. पाय ठेवताच ती झेपावते, आवाज देत नाही, रस्त्यावरच्या माणसालाही ती येताना ऐकू येत नाही. भुईगावसारख्या पदपथ नसलेल्या रस्त्यावर, जिथे मुले सायकलवर आणि म्हातारी माणसे काठीवर रस्त्याच्या कडेने चालतात, हे फार जपायला हवे. दिवसा थांबून चार्ज करण्याची पद्धत मला योग्य वाटते त्यात हेही एक कारण आहे. किलोमीटर भरण्यासाठी पळवलेल्या बसचा चालक फेरीच्या शेवटी उतरतही नाही, तिथूनच बस वळवतो. चार्जरला लावलेल्या बसला मात्र दहा मिनिटे हलता येत नाही. त्या दहा मिनिटांसाठी भुईगावच्या टोकाला एक पत्र्याची शेड, पिण्याचे पाणी, वाहक बाईसाठी स्वच्छ शौचालय आणि पुढच्या फेरीची वेळ दाखवणारी पाटी लागेल. निविदेत चार्जरच्या किलोवॉटशेजारी याही चार गोष्टी लिहाव्यात, आणि पहिली फेरी फुलांच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाईची लोकल गाठेल अशा वेळेला ठेवावी.